ओळंबा आणि कणा

भिंत सरळ उभी आहे की नाही, हे गवंडी ओळंब्याने पाहतो. दोरीच्या टोकाला वजन बांधायचे, दोरी स्थिर होऊ द्यायची आणि भिंतीची कड तिच्याशी ताडून पाहायची. देशभरातील फिजिओथेरपी महाविद्यालयांतही ओळंबा टांगलेला दिसतो. तेथे त्याच्याशेजारी भिंतीऐवजी १८-२० वर्षांचा विद्यार्थी उभा असतो. कानाची पाळी, खांद्याचा सांधा, खुबा, गुडघा आणि घोटा या खुणा दोरीच्या किती पुढे वा मागे पडतात, याची नोंद होते. मग तो पलंगावर झोपतो. परीक्षक त्याचे पाय उचलायला सांगतो, हाताने विरोध करतो, कोणता स्नायू आखडला आहे आणि कोणता दुबळा पडला आहे हे तपासतो. अखेरीस तक्त्यावर शेरे उमटतात: डोके पुढे आलेले, खांदे गोलावलेले, कमरेचा बाक वाढलेला, पोटाचे स्नायू कमकुवत.

अशा मोजणीचे प्रकल्प दरवर्षी अनेक महाविद्यालयांत होतात. त्यांचे निष्कर्ष बातम्यांत पोहोचतात, तेव्हा मोबाइलने तरुण पिढीची मान वाकवली, असा त्यांचा सूर असतो. त्या बातम्यांत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. भिंतीचा ओळंबा गुरुत्वाकर्षण ठरवते. माणसाने त्या दोरीशी नेमके कसे जुळावे, हे कोणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात आहे. त्या इतिहासाचे दोन प्रवाह आहेत. एकात लुळ्या पडलेल्या मुलांच्या अंगात किती बळ शिल्लक आहे याचा शोध आहे, तर दुसऱ्यात धडधाकट तरुणांना श्रेणी लावण्याची हौस. भारताने हे दोन्ही प्रवाह पाहिले आहेत.

आरंभ जर्मनीतील लाइपझिगचा. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणिती ओटो फिशर यांनी १८८९ मध्ये मानवी शरीराच्या गुरुत्वमध्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मृतदेह गोठवले, त्यांतून पोलादी सळया आरपार घातल्या आणि देह टांगून संपूर्ण शरीराचा व त्याच्या भागांचा गुरुत्वमध्य शोधला. पुढे तशाच बांध्याच्या एका जिवंत सैनिकावर त्यांनी ही गणिते लावली. उद्देश लष्करी होता. जर्मन पायदळातील शिपायाने बंदूक, पडशी आणि काडतुसे अंगावर कशी वागवावीत, म्हणजे त्याचा तोल ढळणार नाही, हे त्यांना ठरवायचे होते.

हिशेबाच्या सोयीसाठी त्यांनी एक संदर्भस्थिती मानली. तिच्यात डोक्यापासून घोट्यापर्यंतच्या प्रमुख सांध्यांचे मध्य एकाच उभ्या पातळीत येतात. या स्थितीला त्यांनी जर्मन भाषेत 'सामान्य स्थिती' अशा अर्थाचे नाव दिले. त्यांच्याच मोजणीत सैनिक आरामात उभा राहिला की या रेषेपासून ढळत होता आणि लष्करी पवित्र्यात उभा राहिला की निराळ्या रीतीने ढळत होता. पुढच्या पिढ्यांनी मात्र ते नाव तेवढे उचलले. नकाशावरील शून्य अंशाची रेषा म्हणजे राहण्यासाठी सर्वोत्तम जागा असे कोणी मानत नाही. शरीराच्या बाबतीत नेमके तसे घडले. मोजणीसाठी आखलेली रेषा हळूहळू आदर्श मानली जाऊ लागली.

स्नायूंच्या तपासणीचा उगम याहून वेगळा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या ईशान्य भागात पोलिओच्या साथी येत होत्या. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी मारतो, पण सगळ्या पेशी सारख्या मारत नाही. एकाच पायातील एक स्नायू पूर्ण निकामी होतो, शेजारचा निम्मा उरतो आणि तिसरा शाबूत राहतो. मग शाबूत स्नायू दुबळ्या स्नायूवर मात करून सांधा आपल्याकडे ओढतो. पाऊल वळते, खुबा आखडतो. पोटाच्या एका बाजूचे स्नायू गेले असतील, तर वाढत्या वयात कणाही वाकडा होतो. 'स्नायूंचा असमतोल' ही कल्पना या रोगाने अतिशय ठळकपणे समोर आणली.

बोस्टनमधील अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लॉव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी या मुलांसाठी तपासणीची एक साधी पद्धत घडवली. राइट यांनी तिचे वर्णन १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीला यंत्र लागत नव्हते, गुरुत्वाकर्षण हेच माप होते. स्नायू आकुंचन पावतो, पण अवयव हलत नाही, ही एक पायरी. अवयव आडवा, टेकू दिलेला असताना हलतो, ही पुढची. तो स्वतःचे वजन पेलून वर उचलला जातो, ही त्यापुढची. परीक्षकाच्या हाताचा विरोध मोडून तो वर येतो, ही त्याहून वरची. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने चेतातंतूंच्या जखमांसाठी शून्य ते पाच अशी श्रेणी छापली. आजही जगभरातील रुग्णालयांत ती वापरली जाते.

या पद्धतीमागचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मूल लुळे पडले आहे, हे आईला दिसतच होते. तपासणी विचारत होती ते निराळेच: काय शिल्लक आहे? कोणत्या स्नायूला व्यायाम द्यावा, कोणाला विश्रांती द्यावी, कोणता सांधा आधार देऊन वाकडा होण्यापासून वाचवावा? दोन महिन्यांनी पुन्हा तपासले असता श्रेणी दोनावरून तीनावर गेली असेल, तर उपचार योग्य दिशेने चालले आहेत, असे समजत असे. आकडा मुलाच्या कामी येत होता.

त्याच काळात, त्याच बोस्टनच्या परिसरात, मोजणीला दुसरे वळण लागले. १९१४ मध्ये जेसी बँक्रॉफ्ट यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन पोश्चर लीग' स्थापन झाली. शाळकरी मुलांनी ताठ उभे राहावे, यासाठी लीगने मोहीम चालवली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची तपासणी झाली. त्यांच्या उभे राहण्याला चार श्रेणी दिल्या गेल्या आणि सुमारे ८० टक्के तरुणांची अंगस्थिती सदोष ठरली. हे तरुण आजारी नव्हते. ज्या मापात पाचांपैकी चार निरोगी माणसे नापास होतात, त्या मापाचीच फेरतपासणी व्हायला हवी, असा विचार तेव्हा फारसा पुढे आला नाही. उलट राष्ट्राचे तारुण्य खचले, असा अर्थ काढला गेला.

पुढील काही दशके अमेरिकेतील अनेक नामवंत महाविद्यालयांत नव्या विद्यार्थ्यांची अंगस्थिती पाहण्यासाठी विवस्त्र छायाचित्रे घेतली जात. विल्यम शेल्डन यांनी अशा छायाचित्रांचा वापर करून शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव ओळखण्याचा दावा केला. १९६० च्या दशकात ही प्रथा मावळली. १९९५ मध्ये एका वृत्तपत्रीय लेखामुळे या छायाचित्रांचे साठे अजून शाबूत असल्याचे उघड झाले. तेव्हा ज्यांची छायाचित्रे त्यांत होती, ते स्त्री-पुरुष वृद्धत्वाकडे झुकले होते. त्यानंतर साठे सीलबंद झाले आणि पुष्कळसे नष्ट करण्यात आले. शेल्डन यांचा सिद्धान्त त्याआधीच विज्ञानाने टाकून दिला होता.

शरीराच्या मापावरून माणसाची किंमत ठरवण्याचा अनुभव भारताला याहून आधीचा आहे. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधील लोकांच्या नाकाची रुंदी आणि उंची मोजली. त्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड सिद्ध होते, असे त्यांनी मांडले. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते, त्यामुळे त्यांच्या मताला सरकारी वजन मिळाले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये 'संख्या' या नियतकालिकात रिस्ले यांच्या आकडेवारीची फेरतपासणी केली. त्यानंतर १९३६ मध्ये त्यांनी दोन गटांमधील अंतर मोजण्याचे नवे सूत्र मांडले. आज ते जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कोणतेही एक माप सुटे घेऊन निवाडा करता येत नाही. मापांचे परस्परसंबंध आणि निरोगी माणसांमधला स्वाभाविक फरक दोन्ही हिशेबात धरावे लागतात, हा त्या सूत्राचा गाभा आहे. ओळंब्यापुढे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

पोलिओच्या दालनातील तपासणी आणि अंगस्थितीची मोजणी यांना एकत्र आणण्याचे काम बाल्टिमोर येथील हेन्री आणि फ्लॉरेन्स केंडल या दाम्पत्याने केले. अपंग मुलांच्या रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षे स्नायू तपासले होते. त्यांचे स्नायुतपासणीवरील पुस्तक १९४९ मध्ये, तर अंगस्थिती आणि वेदना यांवरील पुस्तक १९५२ मध्ये आले. आज भारतीय महाविद्यालयांत ओळंबा टांगला जातो तो मुख्यतः केंडल यांच्या पद्धतीने. दोरी घोट्याच्या हाडाच्या किंचित पुढून, गुडघ्याच्या आसाच्या किंचित पुढून, खुब्याच्या किंचित मागून आणि खांद्याच्या मधून कानाच्या पाळीपर्यंत जावी, असे त्यांनी लिहिले. त्यांची दृष्टी मात्र चिकित्सकाची होती. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा उजवा खांदा थोडा खाली असतो, ही नेहमीची गोष्ट आहे, हेही त्यांनीच नोंदवले.

दुसरे मोठे नाव प्रागचे व्लादिमिर यांदा. किशोरवयात त्यांना पोलिओ झाला आणि काही काळ त्यांचे चालणेही थांबले. पुढे ते चेतासंस्थेचे व पुनर्वसनाचे डॉक्टर झाले. कंबरदुखीच्या रुग्णांत त्यांना एक नमुना पुन्हापुन्हा दिसला. काही स्नायू आखडण्याकडे झुकतात, तर काही ढिले पडण्याकडे. मानेच्या मागचे आणि छातीचे स्नायू आखडतात, मानेच्या पुढचे खोल स्नायू आणि पाठीच्या पात्यांना धरून ठेवणारे स्नायू दुबळे पडतात. बाजूने पाहिले असता या दोन जोड्या फुलीसारख्या दिसतात. असाच नमुना कमरेशी: खुबा वाकवणारे आणि कमरेचे स्नायू आखडलेले, पोटाचे व नितंबाचे दुबळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मांडलेली ही फुली आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. यांदा यांच्या मते दोष केवळ स्नायूंचा नव्हता, मेंदू हालचाल कशी घडवतो याचाही होता. त्यामुळे उभ्या माणसापेक्षा हलणाऱ्या माणसाकडे ते अधिक लक्ष देत. पाय मागे उचलताना कोणता स्नायू आधी काम करतो, हे ते पाहत. नंतरच्या अभ्यासांत निरोगी लोकांमध्येही हा क्रम बदलता आढळला. यांदा यांचे निरीक्षण तीक्ष्ण होते, पण त्यांनी पाहिलेले बहुतेक लोक दुखणे घेऊन आलेले होते. न दुखणाऱ्यांना तोच नमुना लावताना काळजी हवी, हे पुढील अभ्यासांनी दाखवले.

भारतात ही विद्या आली ती पोलिओचाच हात धरून. मुंबईच्या फातिमा इस्माइल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला, तेव्हा अशा मुलांसाठी देशात उपचारांची सोय जवळजवळ नव्हतीच. मुलीसाठी उपचार शोधता शोधता त्यांनी या विषयाची माहिती मिळवली आणि १९४७ मध्ये मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. पुढे त्यातून मुलांच्या अस्थिरुग्णालयाचे काम उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत पोलिओची साथ आली आणि प्रशिक्षित माणसांची उणीव तीव्रतेने जाणवली. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली.

दक्षिणेत वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांच्या हातांसाठी हेच ज्ञान कामी आले. शल्यविशारद पॉल ब्रँड एका चांगल्या स्नायूचे टोक दुसरीकडे जोडून लुळ्या बोटांत हालचाल आणत. शस्त्रक्रियेआधी कोणता स्नायू किती बलवान आहे आणि कोणता उसना घेता येईल, हे तपासावे लागे. तेथील डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ मधील मोटार अपघातात कमरेखाली कायमचे अपंगत्व आले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. नंतर पुनर्वसनशास्त्र शिकून त्यांनी वेल्लोरमध्ये या शाखेचा पाया घातला. तेथील पुनर्वसन संस्था १९६६ मध्ये सुरू झाली.

कुष्ठरोग कार्यक्रमात ही तपासणी आजही गावोगावी होते. आरोग्य कर्मचारी रुग्णाला डोळे घट्ट मिटायला सांगतो, करंगळी बाहेर काढायला, अंगठा वर करायला, मनगट उचलायला, पाऊल वर घ्यायला सांगतो. स्नायू सशक्त, दुबळा की लुळा, एवढ्या तीनच नोंदी असतात. दुबळेपणा नुकताच, सहा महिन्यांच्या आत आलेला असेल, तर औषधाने चेतातंतू वाचण्याची शक्यता असते. वेळेत झालेली दोन मिनिटांची तपासणी माणसाचा हात वाचवू शकते. लॉव्हेट आणि राइट यांच्या मूळ प्रश्नाशी इतके प्रामाणिक राहिलेले उदाहरण क्वचितच सापडेल.

दरम्यान पोलिओ हटला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पल्स पोलिओ मोहीम चालली. देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा येथे आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. ज्या रोगासाठी ही विद्या देशात आली तो रोग गेला, विद्या मात्र वाढत राहिली. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय कायद्याने फिजिओथेरपीला देशव्यापी वैधानिक चौकट मिळाली. आता दवाखान्यांत येणारा तरुण निराळा आहे. दहा-बारा तास लॅपटॉपपुढे बसणारा अभियंता, वसतिगृहाच्या खाटेवर मांडी घालून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी, पाठीवर पिशवी घेऊन दुचाकीवरून दिवसभर खाणे पोहोचवणारा मुलगा. त्यांच्या माना आणि कंबरा खरोखर दुखतात. त्यांना तपासायचे ते मात्र बहुतांशी बाल्टिमोर आणि प्रागच्या मापांनी.

ही उणीव केवळ वैद्यकाची नाही. भारतीय शरीरांची मापे आपल्या कारागिरांना आणि रचनाकारांनाही दीर्घकाळ उपलब्ध नव्हती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा संग्रह १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी खुर्ची, बाक वा यंत्राची मूठ यांसाठी परदेशी कोष्टकांवर भिस्त ठेवावी लागे. उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालून जेवणे, डोक्यावरून पाणी आणणे या सवयींत वाढलेल्या शरीराचे खुबे आणि गुडघे, केवळ खुर्चीवर बसणाऱ्या समाजातील शरीरांसारखेच वागतील, असे गृहीत धरता येत नाही.

मग पुढे झुकलेली मान खरोखर दुखण्याचे कारण आहे का? २०१४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी केलेला हिशेब जगभर गाजला. मान ६० अंश झुकवली की तिच्यावर सुमारे २७ किलोंचा भार येतो, हा आकडा आपल्याकडील वृत्तपत्रांतही पुन्हापुन्हा छापला गेला. हा आकडा संगणकीय प्रतिमानातून आला होता, जिवंत माणसांच्या मानेत बसवलेल्या कोणत्याही मापकातून नव्हे. शिवाय भार वाढणे म्हणजे इजा होणे नव्हे. जिना चढताना गुडघ्यावरही शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि निरोगी गुडघा तो पेलतो.

प्रत्यक्ष माणसांचा अभ्यास पश्चिम ऑस्ट्रेलियात झाला. १७ वर्षांच्या १,१०८ मुलामुलींची बसण्याची ठेवण तपासण्यात आली आणि तिचे चार गट पाडण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मानेची ठेवण आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. त्याच मुलांना २२ व्या वर्षी पुन्हा विचारले गेले, तेव्हा मुलग्यांमध्ये संबंध दिसला नाही. मुलींमध्ये तर ताठ बसणाऱ्यांपेक्षा पोक काढून बसणाऱ्यांत दीर्घकाळच्या मानदुखीची शक्यता कमी होती. मोठ्या वयाच्या लोकांत पुढे आलेले डोके आणि मानदुखी एकत्र दिसतात, असे इतर अभ्यास सांगतात. दुखण्यामुळे मान पुढे येते की मान पुढे आल्याने दुखते, हे त्यावरून ठरत नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली १२० निरोगी स्त्री-पुरुष तपासले असता ८५ टक्के पुरुषांत आणि ७५ टक्के स्त्रियांत ओटीपोटाचे हाड पुढे कललेले आढळले. त्यांना काहीही दुखत नव्हते. ज्याला तक्त्यावर दोष म्हणून लिहिले जाते, ते बहुतेकांचे स्वाभाविक रूप होते.

शरीराची मोजणी निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये एक साधी चाचणी झाली: पोटावर झोपून कमरेपासून वरचे अंग पलंगाबाहेर किती वेळ आडवे तोलून धरता येते? ३० ते ६० वयाच्या ज्या पुरुषांना ते कमी वेळ जमले, त्यांना पुढील वर्षभरात पहिल्यांदाच कंबरदुखी होण्याचा धोका अधिक होता. येथे शरीर कसे दिसते याऐवजी ते काय पेलू शकते, हे पाहिले गेले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या 'फिट इंडिया' चळवळीच्या प्रौढांसाठीच्या चाचण्यांतही तोल, पोटाच्या स्नायूंची ताकद, लवचीकता आणि दमश्वास तपासण्यावर भर आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक आहे. तरुणांच्या शरीराची चिंता करायचीच असेल, तर ती या आकड्याची करावी लागेल.

चुकीच्या निवाड्याची किंमतही मोठी असू शकते. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे आखडते, विश्रांतीने वाढते, हालचालीने सुटते आणि रात्री झोपमोड करते. ही लक्षणे कण्याच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या, कालांतराने मणके जोडून टाकणाऱ्या संधिवाताची असू शकतात. हा आजार तरुण वयातच सुरू होतो आणि त्यावर आज प्रभावी औषधे आहेत. त्याला वर्षानुवर्षे 'नीट बसत जा' एवढाच सल्ला मिळाला, तर वाया गेलेला काळ भरून येत नाही. किशोरवयात एका बाजूला वळणारा कणा, हाताला वा पायाला येणारा नवा दुबळेपणा, मुंग्या, बधिरपणा, यांकडेही ठेवणीचा दोष म्हणून पाहणे धोक्याचे आहे. याच्या उलट, न दुखणाऱ्या मुलीला तिचा कणा बिघडलेला आहे असे ठामपणे सांगितले, तर ती आपल्याच शरीराला भिऊ लागते. वाकणे, उचलणे, धावणे टाळू लागते आणि ज्या दुबळेपणाची भीती घातली, तोच तिच्या वाट्याला येतो.

तपासणी चांगली की वाईट, हे तिच्या मागच्या प्रश्नावर ठरते. त्या तरुणाला काय त्रास आहे, तो कधी वाढतो, कोणती हालचाल त्याला करायची आहे आणि जमत नाही, हे आधी विचारले गेले, तर आखडलेला वा दुबळा स्नायू शोधण्याला अर्थ येतो. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर तीच चाचणी पुन्हा केली आणि त्याचे दुखणे व क्षमता यांत फरक पडला का हे पाहिले, तर आकडा पुन्हा त्याच्या कामी येतो. एका छायाचित्रावरून काढलेला कोन यांपैकी काहीच सांगू शकत नाही, मग तो हाताने मोजलेला असो वा मोबाइलमधील अ‍ॅपने.

'पोक काढून बसू नकोस, ताठ बस,' हे वाक्य मराठी घरांत पिढ्यानपिढ्या ऐकू येते. त्यामागे माया आहे. पण तासन्‌तास ताठ बसून राहिलेले शरीरही अवघडतेच. ऊठ, जरा फिरून ये, असे सांगणारी आजी सध्याच्या पुराव्याच्या अधिक जवळ आहे. भिंतीने एकाच जागी सरळ उभे राहायचे असते, माणसाला दिवसभरात शंभर वेळा वाकायचे, वळायचे आणि पुन्हा उभे राहायचे असते. मुंबईच्या आणि वेल्लोरच्या दालनांत ज्यांनी लुळ्या मुलांचे पाय हातात घेऊन तपासले, त्यांनी ओळंब्याकडे शेवटी पाहिले. आधी त्या मुलाला आज काय करता येते, हे विचारले. तरुण भारताच्या पाठीला हात लावताना तोच क्रम पाळायला हवा.